'बोर्ड गेला' म्हणजे नेमकं काय गेलं?

टीव्हीची घरगुती दुरुस्ती, दुरुस्तीचा हक्क आणि गावाचं काम

टीव्ही बंद पडला की गावात दोनच वाक्यं कानावर येतात. दुकानदार म्हणतो, "बोर्ड गेला." आणि घरातलं पोरगं म्हणतं, "मग नवाच घेऊ." बोर्डावरचं नेमकं काय गेलं, हा मधला प्रश्न कुणी विचारत नाही. एका बोर्डावर शेकडो सुटे भाग असतात. त्यातला एक गेला म्हणून सगळा बोर्ड टाकायचा आणि बोर्ड गेला म्हणून सगळा टीव्ही टाकायचा, हा व्यवहार चाक पंक्चर झालं म्हणून ट्रॅक्टर भंगारात घालण्यासारखा आहे.

हा विषय आता मांडण्याला कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. नवा टीव्ही स्वस्त झाला ही गोष्ट चांगलीच. पण नवी वस्तू स्वस्त झाली की जुनी दुरुस्त करणाऱ्याची किंमत उतरते. तालुक्याच्या गावात पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं असायची. त्यातल्या अनेकांनी आता मोबाईलची काच बदलायचं काम धरलंय. राहिलेल्यांना बोर्ड बदलणं सोपं पडतं, कारण त्यात वेळ जात नाही आणि पैसे मात्र जास्त मिळतात. भुर्दंड पडतो तो तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला.

शेतीच्या पानावर टीव्हीचं काय काम, असं कुणी विचारील. एक तर टीव्ही आणि शेतीचं नातं जुनं आहे. दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' सुरू झालं ते २६ जानेवारी १९६७ रोजी, आणि खास शेतकऱ्यांची 'डीडी किसान' वाहिनी आली २६ मे २०१५ रोजी. हवामान आणि बाजारभाव आजही कित्येक घरांत टीव्हीवरच बघितले जातात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. टीव्हीत जो वीजपुरवठ्याचा बोर्ड असतो, त्याचाच भाऊबंद आता शेतात जाऊन बसलाय. विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर, फवारणी पंपाचा चार्जर, झटका मशीन, सौर पंपाचा कंट्रोलर, ठिबकचा ऑटोमॅटिक संच, या सगळ्यांत बोर्ड आहे. टीव्हीच्या बोर्डाचं दुखणं ज्याला कळलं, त्याला शेतातल्या बोर्डाबद्दलही चार शहाणे प्रश्न विचारता येतात.

बोर्डाच्या आत काय चालतं

एलईडी टीव्हीचं मागचं झाकण काढलं तर साधारण चार गोष्टी असतात. पहिला वीजपुरवठ्याचा बोर्ड, म्हणजे पॉवर सप्लाय. दुसरा मुख्य बोर्ड, त्यावर डिश, पेन ड्राइव्ह, आवाज वगैरेंची जोडणी असते. तिसरा पडद्याला चित्र पुरवणारा लहान बोर्ड. चौथी म्हणजे पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या, ज्यांच्या उजेडामुळे चित्र दिसतं. स्वस्तातल्या लहान टीव्हीत पहिले दोन-तीन एकाच बोर्डावर असतात.

सगळ्यात जास्त मार खातो तो पॉवर सप्लाय, कारण आपली लाईट पहिल्यांदा त्याच्याच अंगावर येते. २३० व्होल्टची वीज फ्यूजमधून आत शिरते, तिची उलटसुलट धार सरळ केली जाते आणि ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. आपल्याकडे त्याला कंडेन्सर म्हणतात. त्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट उभे राहतात. काही मोठ्या टीव्हीत तर चारशेच्या आसपास. मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशी बारीक होऊन पुढे मिळते. म्हणजे बोर्डाचे दोन भाग पडले. लाईटच्या बाजूचा जिवावरचा आणि पलीकडचा कमी व्होल्टचा. बऱ्याच बोर्डांवर या दोहोंमध्ये जाड रेघ छापलेली किंवा फट कापलेली असते. ही रेघ म्हणजे शेताचा बांध समजा. बांधाच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे कळल्याशिवाय हात घालायचा नाही.

आधी जीव, मग टीव्ही

झटका मशीन तुमच्या ओळखीचं आहे. त्यात कंडेन्सर वीज साठवतो आणि एका दमात तारेत सोडतो, म्हणून रानडुक्कर माघारी पळतं. टीव्हीतला मोठा कंडेन्सरही तशीच वीज साठवून बसलेला असतो. फरक एवढाच की झटका मशीनचा झटका मोजूनमापून ठरवलेला असतो, टीव्हीतला नाही. प्लग काढला म्हणजे टीव्ही मेला असं समजू नका. बिघडलेल्या बोर्डात तर ही वीज जास्तच वेळ राहते, कारण ती खर्च होण्याची वाट बंद झालेली असते.

म्हणून हे नियम पाठ करा. प्लग सॉकेटमधून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिशची वायरही काढायची. निदान पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मगच झाकण उघडायचं आणि हात न लावता फक्त डोळ्यांनी बघायचं. मोठ्या कंडेन्सरची वीज उतरवायची तर आधी मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवून किती उरलीय ते मोजायचं, योग्य रेझिस्टर लावून ती सावकाश उतरवायची आणि पुन्हा मोजायचं. हे काम ज्याला येतं त्यानेच करावं. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणारे महाभाग गावोगाव आहेत. त्यात बोर्डही जातो आणि डोळाही जाऊ शकतो.

जुना पेटीसारखा, काचेच्या नळीचा टीव्ही घरात असेल तर तो घरी उघडूच नका. रंगीत नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही ती वीज नळीत टिकते. त्याचा नाद सोडलेला बरा.

आणखी एक. वॉरंटीतला टीव्ही उघडू नका. सील तुटलं की कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

झाकण न उघडता अर्धं निदान

ढोर आजारी पडलं की आपण आधी कान, डोळे, शेण, रवंथ बघतो, मग डॉक्टर बोलावतो. टीव्हीचंही तसंच करा.

पहिल्यांदा सॉकेटमध्ये दुसरी वस्तू लावून बघा. स्टॅबिलायझर असेल तर तो बाजूला ठेवून बघा. रिमोटचा संशय असेल तर त्याचं तोंड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक कॅमेऱ्यांत रिमोटचा दिवा लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट चांगला आहे. मग टीव्हीच्या लाल दिव्याकडे बघा.

लाल दिवा अजिबात लागत नसेल तर संशय पॉवर सप्लायवर घ्यायचा. फ्यूज, व्होल्टेज वाढलं तर स्वतः मरून बोर्ड वाचवणारा चपटा गोल व्हॅरिस्टर, वीज सरळ करणारे डायोड किंवा मोठा कंडेन्सर, यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. बऱ्याच वेळा ही दुरुस्ती थोडक्यात होते.

लाल दिवा लागतो पण टीव्ही सुरू होत नाही, किंवा दिवा लुकलुकतो आणि टीव्ही चालू-बंद होत राहतो, तर बांधाच्या पलीकडचे, कमी व्होल्टचे कंडेन्सर बघायला सांगा. ते कमजोर झाले की १२ व्होल्ट पुरे भरत नाहीत आणि बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. एलईडी पट्टी गेली तरी काही टीव्ही असंच करतात.

आवाज येतो पण पडदा काळा, अशा वेळी रात्री खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका बॅटरीचा झोत टाका. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पडदा आणि मुख्य बोर्ड चांगले आहेत, मागचा उजेड गेलाय. पट्ट्या बदलता येतात. पण त्यासाठी पडदा उतरवावा लागतो आणि तो कागदासारखा नाजूक असतो. शिवाय पट्ट्यांना शंभराच्या पुढेही व्होल्ट असू शकतात. हे काम सवयीच्या हाताचं आहे.

पडद्यावर उभ्या-आडव्या रेघा कायमच्या उमटल्या, किंवा पडद्याला तडा गेला, तर दुखणं पडद्याचं आहे. सैल झालेली पट्टीवायर नीट बसवून कधीकधी रेघा जातात. त्याने नाही गेल्या तर नवा पडदा टीव्हीच्या किमतीजवळ जातो. तिथं पैसे घालू नका. बोर्ड बदलून रेघा जातील असं कुणी सांगितलं, तर बदलायच्या आधी दुसरा चालू बोर्ड लावून दाखव म्हणावं. नाहीतर दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला अशी गत व्हायची.

वीज कडाडून गेल्यावर टीव्ही चालू आहे पण डिशचं चित्र येत नाही, तर दणका डिशच्या वायरवाटे मुख्य बोर्डात शिरलेला असतो. तिथली बारीक चिप बदलणं अवघड. अशा वेळी बोर्ड बदलणंच खरं. म्हणजे 'बोर्ड गेला' हे वाक्य दर वेळी खोटं नसतं. ते खरं आहे की सोयीचं आहे, एवढं तुम्हाला ओळखता आलं पाहिजे.

फुगलेला कंडेन्सर आणि दहा अंशांचा हिशेब

झाकण उघडून नुसत्या डोळ्यांनी दिसणारा सगळ्यात ओळखीचा दोष म्हणजे फुगलेला कंडेन्सर. हे उभ्या डबीसारखे असतात. चांगल्याचं डोकं सपाट असतं. बिघडलेल्याचं डोकं भाकरीसारखं फुगतं, कधी फुटून तपकिरी चिकट रस बाहेर येतो. आत ओला रसायनी थर असतो, तो उष्णतेने वाळतो. आपल्या मोटारीच्या पेटीतला कंडेन्सर फुगला की मोटर नुसती गुरगुरते आणि उचलत नाही. टीव्हीचंही तेच होतं, फक्त गुरगुरणं ऐकू येत नाही.

उष्णतेचा एक ढोबळ नियम ध्यानात ठेवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. समजा कंडेन्सर १०५ अंशांवर २,००० तास टिकेल असा बनवलेला आहे. तो आत ७५ अंशांवर तापत असेल तर सुमारे १६,००० तास टिकेल. रोज सहा तास टीव्ही चालला तर झाली सव्वासात वर्षं. पण तोच टीव्ही पत्र्याच्या घरात, भिंतीला चिकटवून, वरून झालर टाकून ठेवला आणि आत ८५ अंश झाले, तर ८,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षं. नुसती मागे चार बोटं जागा आणि वरची झालर काढली तरी टीव्हीचं आयुष्य वाढतं. याला पैसा लागत नाही.

कंडेन्सर बदलताना चार गोष्टी तंतोतंत बघायच्या. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तोच किंवा थोडा वरचा चालेल, खालचा चालणार नाही. अंगावर १०५ अंश लिहिलेलं हवं, ८५ चं स्वस्त मिळतं ते घेऊ नका. आणि डबीवरची पट्टी, म्हणजे ऋण बाजू, होती तिकडेच यायला हवी. उलटी बसली तर कंडेन्सर फुटतो. शिवाय दुकानदाराला सांगायचं की पॉवर सप्लायसाठी हवाय, म्हणजे तो त्या कामाचा कंडेन्सर देईल. बहुतेक कमी व्होल्टचे कंडेन्सर पाच-पंचवीस रुपयांत मिळतात. ज्याला सोल्डरिंग नीट येतं, त्याचं अर्ध्या तासाचं काम.

बाकी डोळ्यांना दिसतं ते असं: मोठ्या पायांभोवती सोल्डरला गोल बारीक चीर, जळून काळा पडलेला भाग, निसटलेला कनेक्टर, मुंग्यांचं घर, झुरळं, आणि पावसाळ्यात उबेला आत शिरून दोन पायांमध्ये भाजून निघालेली पाल. धूळ मऊ ब्रशने झाडा. पाणी, रॉकेल, पेट्रोल लावू नका. फ्यूज उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा टाका आणि तोही लगेच उडाला तर थांबा. पुढे काहीतरी शॉर्ट आहे. फ्यूजच्या जागी तार घालणं म्हणजे घराला आग लावायची तयारी.

चांगला मेकॅनिक ओळखायची एक खूण सांगतो. तो दुरुस्त केलेला बोर्ड थेट लाईटला लावत नाही. आधी शंभर वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर बोर्ड ठीक. बल्ब भक्क पेटूनच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. बल्बमुळे नवा टाकलेला भाग जळत नाही. मोटर रिवाइंडिंगवाले हीच युक्ती वापरतात.

हक्काची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. कंडेन्सर मिळतो, पण बोर्डाचा नकाशा मिळत नाही, चिपवरचा नंबर खरवडलेला असतो, आणि कंपनी सुटा भाग बाहेर विकत नाही. अशा वेळी मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हतबल होतो. हा प्रश्न जगभर गाजतोय.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की टीव्हीचं एखादं मॉडेल बाजारात येणं बंद झाल्यावरही निदान सात वर्षं त्याचे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळाले पाहिजेत. त्या यादीत आतला पॉवर सप्लाय आहे, बाहेरच्या वायरी जोडायचे कनेक्टर आहेत आणि कपॅसिटरसुद्धा आहेत. म्हणजे आपल्याकडे ज्याच्यापायी टीव्ही भंगारात जातो, त्याची तिथं कायद्यात नोंद आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीला सोपा की अवघड याचा दहापैकी गुणांक छापावा लागत होता. २०२५ पासून त्याच्या जागी टिकाऊपणाचा गुणांक आला.

अमेरिकेत हा लढा शेतकऱ्यांनी लढवला. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या शेती यंत्रांच्या कंपन्यांना सुटे भाग, सॉफ्टवेअर, अवजारं आणि माहितीपुस्तिका शेतकऱ्याला व बाहेरच्या मेकॅनिकला देणं बंधनकारक झालं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने ट्रॅक्टर दुरुस्ती स्वतःच्याच डीलरांपुरती रोखून धरल्याचा आरोप ठेवून जॉन डिअर कंपनीवर दावा दाखल केला. या कंपनीचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीलाही बनतात. म्हणजे गोष्ट तेवढी लांबची नाही.

आपल्याकडे काय? २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना, सुटे भाग खुल्या बाजारात न दिल्याबद्दल दोषी धरलं होतं. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. त्यात चार क्षेत्रं घेतली आहेत: शेती अवजारं, मोबाईल व टॅब्लेट, टीव्ही-फ्रीजसारख्या टिकाऊ घरगुती वस्तू आणि मोटारगाड्या. शेती अवजारांचं नाव यादीत आहे, हे शेतकऱ्याने विसरू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-गुणांक ठरवायला समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. पण पोर्टलवर कंपनीने माहिती टाकणं वेगळं आणि अमुक वर्षं सुटा भाग दिलाच पाहिजे असं बंधन वेगळं. युरोपसारखं बंधन घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे २०२५ पर्यंत झालेला नव्हता. मागणी करायची ती इथं.

कंपनी नेहमी राहीलच असंही नाही. छत्रपती संभाजीनगरजवळ चितेगावला ज्यांचे टीव्ही बनत, ती व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. घराघरांतले त्यांचे टीव्ही मात्र राहिले. अशा टीव्हीला जगवतो तो कुठल्याही कंपनीला चालणारा साधा सुटा भाग आणि तो बसवता येणारा माणूस.

जे हक्क आज हातात आहेत ते तरी वापरा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विक्रीची किंवा दुरुस्तीची पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून पावती मागा, त्यावर कोणता भाग बदलला ते लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. वॉरंटीत टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा. तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जायला हवं. सौर पंपाचंही असंच. पीएम-कुसुम योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी आहे. त्याचा कंट्रोलर बंद पडला तर गावातल्या कुणाकडून उघडून घेऊ नका, पुरवठादाराकडे लेखी तक्रार करा. उन्हात पॅनेलची डीसी वीज कधी बंद होत नसते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

एका घरचा टीव्ही जळाला तर ते घरमालकाचं दुखणं. एका गल्लीतले पाच-सात टीव्ही एका रात्री जळाले तर ते डीपीचं दुखणं आहे. डीपीवर न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की एका फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्या फेजवरच्या घरांत ते चारशेकडे चढतं. काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते दिसले की ही खूण समजा. लगेच मेन स्विच पाडा, शेजाऱ्याला हाक द्या, वायरमनला कळवा. स्वतः खांबावर चढू नका.

ग्रामपंचायतीने यात चार कामं करावीत. पहिलं, पावसाळ्याआधी प्रत्येक डीपीचं अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी तपासावी म्हणून वीज कंपनीच्या शाखा कार्यालयाला लेखी पत्र द्यावं आणि पोच ठेवावी. वस्तू जळाल्या तर त्याच दिवशी तारीख, वेळ, वस्तूंची यादी आणि सह्या घेऊन गल्लीची एकच तक्रार करावी. सुट्या-सुट्या तोंडी तक्रारींना कुणी विचारत नाही.

दुसरं, विजेच्या कडकडाटात टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर काढायची सवय गावाला लावावी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. तो वाचून भोंग्यावर सांगायला एक माणूस नेमला तर टीव्हीही वाचतील आणि रानातली माणसंही. ढग डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावू नये, हे काम आधीच करायचं.

तिसरं, दुरुस्तीचा हात गावात तयार करावा. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ५११ गावांत प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. जवळ केंद्र असेल तर तिथं इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचा वर्ग मागावा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहेच. बारावीनंतर घरी बसलेल्या पोरांना आणि पोरींना हे काम गावातच रोजी देईल. टीव्ही, स्टार्टर, चार्जर, झटका मशीन, सगळ्यांचे बोर्ड एकाच टेबलावर येतात.

चौथं, मेलेले बोर्ड जाळू देऊ नका. तांब्यासाठी बोर्ड आणि वायरी पेटवणारे भंगारवाले उकिरड्यावर दिसतात. जुन्या बोर्डाच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि राख पावसाने ओढ्यात, विहिरीत उतरते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे अशा कचऱ्याची विल्हेवाट नोंदणीकृत प्रक्रियादारामार्फतच व्हायला हवी आणि तिची जबाबदारी उत्पादकावर आहे. वर्षातून एकदा शाळेत गोळा करून तो प्रक्रियादाराला देता येईल.

शेवटी एवढंच. पुढच्या वेळी कुणी 'बोर्ड गेला' म्हणालं तर लगेच खिशात हात घालू नका. कोणता भाग गेला, कशामुळे गेला, तो एकटा बदलता येईल का आणि पुन्हा जाऊ नये म्हणून काय करायचं, हे चार प्रश्न विचारा. उत्तर पटलं तर बोर्ड बदला, नाही पटलं तर दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा. आणि येत्या ग्रामसभेत डीपीच्या न्यूट्रलचा आणि दुरुस्तीच्या वर्गाचा विषय मांडून ठराव लिहून घ्या.